वस्तीतल्या 'प्रेअर'ला जाणारी माणसं काय मानतात?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात धम्माचं काम करणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांच्या बैठकीत अलीकडे एक विषय हमखास निघतो. अमुक घर 'प्रेअर'ला जायला लागलं. कुणाची मावशी, कुणाची बहीण, कुणाचा दारू सोडलेला भाऊ. मग एक जण म्हणतो, "पैसे मिळतात म्हणून जातात." दुसरा म्हणतो, "तांदळाच्या पोत्याला विकले गेले." तिसरा मोबाईलवर एखाद्या पास्टरचा ओरडतानाचा व्हिडिओ लावतो, सगळे हसतात आणि बैठक जयंतीच्या वर्गणीकडे वळते.

मागे एकदा असंच चाललं असताना आम्ही विचारलं, ही माणसं नेमकं मानतात काय? बारा-तेरा जण बसले होते. एकालाही धड सांगता आलं नाही. कॅथलिक म्हणजे कोण आणि गाळ्यात भरणारी प्रार्थना कुणाची, हा फरकसुद्धा माहीत नव्हता. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्म सोडण्याची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षं त्यांनी धर्म तपासले. त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्या आम्हाला शेजारच्या गल्लीतला धर्म समजून घ्यायला एक संध्याकाळ काढता आली नव्हती.

त्या बैठकीत दोन गोष्टी ठरवायच्या होत्या. एक प्रस्ताव असा होता की ज्या घरातली बाई प्रार्थनेला जाते, त्या घरातल्या माणसाला विहाराच्या कार्यकारिणीतून काढावं. दुसरं म्हणजे, बाहेरच्या एका संघटनेची मुलं येऊन गेली होती. ते प्रार्थनेचं घर बंद पाडण्यासाठी निवेदनावर आमच्या सह्या त्यांना हव्या होत्या. निर्णय घेण्याआधी आम्ही महिनाभर थांबलो. काही जण रविवारी प्रार्थनेत मागच्या खुर्चीवर जाऊन बसलो, काहींनी नवा करार वाचून काढला. त्यातून जे कळलं ते इथे मांडतो आहोत.

सर्वात आधी एक गैरसमज. ख्रिस्ती म्हणजे एकच गट नव्हे. कॅथलिक चर्च रोमच्या पोपला मानतं. त्यातच केरळमधून आलेल्या सिरो-मलबार कॅथलिकांसाठी १९८८ पासून कल्याण हा वेगळा धर्मप्रांत आहे. प्रोटेस्टंटांमध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आहे, ज्याची स्थापना १९७० साली आपल्याच नागपुरात झाली. शिवाय मेथडिस्ट आहेत, साल्व्हेशन आर्मी आहे. या जुन्या चर्चेसना इमारत असते, घंटा असते, ठरलेली उपासना असते. मराठी ख्रिस्ती समाज म्हटला की आपल्याला आठवणारे रेव्हरंड ना. वा. टिळक, अहमदनगरची मिशन, हे सगळं या बाजूचं.

आपल्या वस्तीत ज्याला 'प्रेअर' म्हणतात ते बहुधा यातलं नसतं. ते पेंटेकॉस्टल वळणाचं, बऱ्याचदा स्वतंत्र चर्च असतं. एखादा भाड्याचा गाळा, पत्र्याचं शेड किंवा कुणाच्या घरातली पुढची खोली. प्लास्टिकच्या खुर्च्या किंवा सतरंजी, एक कीबोर्ड, एक ढोलक, दोन स्पीकर. भिंतीवर मूर्ती नाही, फार तर एक क्रूस किंवा वचन लिहिलेला फ्लेक्स. उल्हासनगर मुळात लष्करी छावणीत वसवलेल्या सिंधी निर्वासितांचं शहर, पुढे कारखान्यांच्या आणि जीन्सच्या कामासाठी देशभरातून माणसं येत गेली. त्यामुळे एकाच प्रार्थनेत हिंदी, मराठी, सिंधी, तमिळ बोलणारे एकत्र दिसतात. आपल्या विहारात असं सहसा दिसत नाही, हे जाता जाता नोंदवतो.

या पेंटेकॉस्टल पंथाचा इतिहास आपल्या मुलांनी जरूर वाचावा. १९०६ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सेमूर नावाच्या कृष्णवर्णीय उपदेशकाच्या सभांमधून त्याला मोठा जोर मिळाला. सेमूरचे आईवडील गुलामगिरीतून सुटलेले. काळ्या-गोऱ्यांना एका डब्यात बसायची बंदी असलेल्या त्या काळात त्याच्या सभेत दोघं एकत्र गुडघे टेकत. पण १९१४ पर्यंत गोऱ्या उपदेशकांनी आपली वेगळी संघटना उभारली, आणि ही चळवळही रंगावरून विभागली गेली.

त्याच्या आदल्या वर्षी, १९०५ साली, असाच एक भाग आपल्या महाराष्ट्रात घडला होता. पुणे जिल्ह्यात केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो विधवा आणि दुष्काळात निराधार झालेल्या मुली राहत होत्या. तिथे प्रार्थनेची एक लाट उसळली. मुली मोठ्याने रडत, पापं कबूल करत, तासन् तास एकदम प्रार्थना करत. जगभरचे अभ्यासक पेंटेकॉस्टल इतिहासात केडगावचं नाव घेतात. म्हणजे 'हे अमेरिकेतून आलेलं फॅड आहे' असं म्हणताना जरा थांबायला हवं. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा ब्राह्मणी वर्तमानपत्रं त्यांच्यावर तुटून पडली होती. त्यांच्या बाजूने उभे राहिले ते जोतीराव फुले. १८८५ साली 'सत्सार'मध्ये त्यांनी पंडिताबाईंची बाजू घेतली. जोतीराव स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत, पण तिला तिचा धर्म निवडू द्या, ही त्यांची भूमिका होती.

आता श्रद्धा काय आहे ते पाहू.

ख्रिस्ती माणूस एकच देव मानतो. त्याने विश्व निर्माण केलं. हा एक देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन रूपांत आहे. हे तीन देव नाहीत, असं ते आवर्जून सांगतात. ३२५ साली नायसिया इथे भरलेल्या धर्मपरिषदेत यातला महत्त्वाचा भाग, म्हणजे पुत्र हा पित्याइतकाच देव आहे हे ठरलं. आज कॅथलिक, प्रोटेस्टंट, पेंटेकॉस्टल बहुतेक सगळे त्यावर एक आहेत. दुसरं, माणूस पापी आहे. पाप म्हणजे नुसतं चोरी-लबाडी नव्हे, तर पहिल्या माणसापासून चालत आलेली, देवापासून तुटलेपणाची अवस्था. ही अवस्था माणूस स्वतःच्या बळावर दुरुस्त करू शकत नाही. म्हणून देव स्वतः येशूच्या रूपाने माणूस झाला, सर्वांच्या पापाची शिक्षा त्याने वधस्तंभावर भोगली आणि तिसऱ्या दिवशी तो मेलेल्यांतून उठला. यावर जो विश्वास ठेवील त्याचं तारण होतं. ते त्याच्या पुण्याईने होत नाही, कृपेने होतं. येशू पुन्हा येणार आहे, तेव्हा न्याय होईल, स्वर्ग आणि नरक खरे आहेत.

या सगळ्यात किल्लीचा शब्द 'कृपा' आहे. दारूत बुडालेल्या, बायकोला मारणाऱ्या, सगळ्यांनी ओवाळून टाकलेल्या माणसाला कुणी सांगतं की तू आहेस तसा ये, तुझी पात्रता कुणी विचारणार नाही, तेव्हा त्याच्यावर त्याचा काय परिणाम होत असेल याचा विचार करा. आम्ही भेटलेल्या एका भाऊंनी सांगितलं, "मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी 'ब्रदर' म्हणून हाक मारली." यावर हसण्यासारखं काही नाही.

पेंटेकॉस्टल मंडळी यात आणखी एक भर घालतात. बायबलमध्ये 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात पन्नासाव्या दिवसाचा प्रसंग आहे. त्या दिवशी शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला आणि ते अनोळखी भाषांत बोलू लागले. पेंटेकॉस्ट हे नाव त्यावरूनच. तो आत्मा आजही तसाच उतरतो, रोग बरे करतो, भविष्य बोलवतो, भुतं काढतो, असं ही मंडळी मानतात. व्हिडिओत आपण जे ओरडणं पाहतो त्यात बरंचसं हे 'अन्य भाषेत बोलणं' असतं. गंमत अशी की त्यांच्याच शास्त्रात पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात बजावलं आहे की अर्थ सांगणारा कुणी नसेल तर सभेत अन्य भाषा बोलणाऱ्याने गप्प राहावं. हे आम्ही एका पास्टरना विचारलं तर ते मोकळेपणाने हसले आणि म्हणाले, "बरोबर आहे, पण लोक ऐकतात कुठे!"

आचरण म्हणाल तर रविवारची आराधना दोन-तीन तास चालते. आधी गाणी, मग साक्ष, मग वचन म्हणजे प्रवचन, शेवटी आजाऱ्यांसाठी प्रार्थना. यातली 'साक्ष' ही फार ताकदीची गोष्ट आहे. घरकाम करणारी बाई माईक हातात घेऊन सगळ्यांसमोर सांगते की या आठवड्यात माझ्यावर काय गुजरलं आणि प्रभूने कसं सांभाळलं. आपल्या विहारात माईक कुणाच्या हातात असतो, हे सांगायला नको. आठवड्यात एखादा दिवस उपवास-प्रार्थना असते, कधी रात्रभराची प्रार्थना, आणि पाच-सात घरांचा गट आळीपाळीने एकमेकांकडे बसतो. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला देत नाहीत. कळत्या माणसाने पश्चात्ताप करून स्वतः मागितला तरच पाण्यात पूर्ण बुडवून देतात. कॅथलिक आणि इतर जुनी चर्चेस बाळाचाही बाप्तिस्मा करतात, हा मोठा फरक. प्रभुभोजन असतं, भाकर आणि द्राक्षरस, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. आणि दशमांश असतो, मिळकतीचा दहावा भाग. त्याला आधार जुन्या करारातल्या मलाखीच्या पुस्तकाचा देतात.

तेव्हा पैसे मिळतात म्हणून जातात, हा आपला आवडता आरोप. आम्हाला दिसलं ते उलटं होतं. महिन्याला बारा हजार मिळवणारी बाई त्यातले बाराशे देत होती. तो पैसा कुठे जातो, हिशोब कोण मांडतं, हे त्या बाईलाही माहीत नव्हतं. टीका करायची तर इथे करावी. अर्थात आपल्या जयंतीचा हिशोब फलकावर लागतो का, तेही बघून घ्यावं.

मग आपला विरोध कशाला? मतभेद तर आहेत आणि ते मुळाशी आहेत. 'सर्व धर्म एकच सांगतात' असं गुळमुळीत बोलून काही साधत नाही.

बाबासाहेबांनी १९५० साली महाबोधी सोसायटीच्या मासिकात लिहिलेल्या बुद्ध आणि त्यांच्या धम्माचं भवितव्य या विषयावरच्या लेखात हा फरक मांडला आहे. येशूने स्वतःला देवाचा पुत्र म्हटलं आणि ते मान्य केल्याशिवाय तारण नाही असं सांगितलं. बुद्धांनी स्वतःसाठी असं कोणतंही स्थान मागितलं नाही. ते मार्गदाता राहिले, मोक्षदाता झाले नाहीत. चालायचं आपण. आपलं म्हणणं एवढंच आहे, पण ते किती अवघड आहे हे आपण विसरतो. दुसऱ्याने आपल्या वतीने शिक्षा भोगली हा दिलासा आपल्याकडे नाही. आपल्याकडे शील आहे, समाधी आहे, प्रज्ञा आहे, आणि ती रोज कमवावी लागते. वंदना म्हणजे मागणं नव्हे. त्रिशरण घेताना आपण बुद्धांकडे नोकरी मागत नाही, मुलाचा ताप उतरव म्हणत नाही.

बावीस प्रतिज्ञांचंही तसंच. बऱ्याच तरुणांना वाटतं की प्रतिज्ञा फक्त हिंदू देवांबद्दल आहेत, म्हणून येशूला मानलं तर काही मोडत नाही. चौथी प्रतिज्ञा देवाने अवतार घेतला हे नाकारते. ती लिहिताना बाबासाहेबांसमोर अवतारवाद होता हे खरं, पण देव माणूस होऊन आला हा ख्रिस्ती श्रद्धेचा कणा आहे, तेव्हा दोन्ही एकाच वेळी प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. एकविसाव्या प्रतिज्ञेत आपण नवा जन्म झाल्याचं म्हणतो. ख्रिस्ती मंडळीही 'नवा जन्म' हाच शब्द वापरतात, योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायावरून. शब्द तोच, पण त्यांच्याकडे तो जन्म आत्मा देतो, आपल्याकडे तो आपण जाणूनबुजून केलेला निर्णय आहे. आणि सतराव्या प्रतिज्ञेत दारू न पिण्याचं वचन आहे. प्रेअरला जाणाऱ्या कितीतरी पुरुषांनी दारू सोडलेली आम्ही पाहिली. जयंतीच्या मिरवणुकीत आमच्यापैकी किती जण शुद्धीत असतात, यावर बैठकीत बराच वेळ शांतता होती.

दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. मार्काच्या शुभवर्तमानात याईर नावाच्या सभास्थानाच्या अधिकाऱ्याची बारा वर्षांची मुलगी मरते. येशू घरी जातो, तिचा हात धरतो आणि ती उठून बसते. आपल्याकडे किसा गोतमी मेलेलं बाळ कडेवर घेऊन औषध मागत फिरते. बुद्ध तिला सांगतात, ज्या घरात कुणी मेलं नाही अशा घरातून मोहरी आण. ती दारोदार फिरते, प्रत्येक घरात कुणी ना कुणी गेलेलं असतं, आणि तिला कळतं. तिचं बाळ उठत नाही.

आमच्या मते किसा गोतमीची गोष्ट अधिक खरी आहे. पण ही गोष्ट आपण कुणाला कशी सांगतो? ज्या ताईचं मूल रुग्णालयात व्हेंटिलेटरवर आहे तिला तिकडे दहा जण येऊन डोक्यावर हात ठेवून "उठेल" म्हणतात. आपण तिला व्हॉट्सअॅपवर अनित्यतेचा सुविचार पाठवतो. किसा गोतमीला बुद्धांनी प्रवचन दिलं नव्हतं, माणसांकडे पाठवलं होतं. दारोदार फिरताना ज्या बायांनी तिला आपापल्या घरातलं मरण सांगितलं, त्याच बायांमध्ये तिचं दुःख हलकं झालं. ती दारं आज आपल्या वस्तीत उघडी आहेत का, हा आमचा प्रश्न आहे.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्या घाणीत पडलेला होता, त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून बिछान्यावर ठेवलं. मग संघाला म्हणाले की माझी सेवा करायची असेल तर आजाऱ्याची करा. ख्रिस्ती मंडळी आजाऱ्याला भेटायला जातात तेव्हा मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातल्या शिकवणीचा आधार घेतात. बुद्धांनी ही गोष्ट पाचशे वर्षं आधी सांगितली आहे. ती पिटकात आहे, पण मध्यवर्ती रुग्णालयाच्या वॉर्डात आपला माणूस दिसत नाही.

एका जागी मात्र आम्ही कडक आहोत. प्रार्थनेने बरं होशील म्हणून गोळ्या बंद कर, असं कुणी क्षयाच्या, फिटच्या किंवा मानसिक आजाराच्या रुग्णाला सांगत असेल तर तो जिवाशी खेळ आहे. चमत्काराच्या नावाने लुबाडणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. दाभोलकरांचा जीव गेल्यावर तो कायदा आला. तो भगत, बाबा, पास्टर सगळ्यांना सारखाच लागू आहे. आमच्या ओळखीच्या दोन घरांत आम्ही स्पष्ट बोललो: प्रार्थना करा, पण डॉट्सच्या गोळ्या चुकवू नका. दोघींनीही ऐकलं. एकीने वर विचारलं, "तुमच्या विहारात परित्राणाचं पाणी आणि दोरा देतात, तो कशासाठी?" आम्हाला पटकन उत्तर सुचलं नाही.

पापाच्या शिकवणीबद्दल बाबासाहेबांचा एक आक्षेप आजही लागू आहे. धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेलं टिपण त्यांच्या हयातीनंतर इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात छापलं गेलं. त्यात ते म्हणतात की तुझ्या दुर्दशेचं कारण तुझं मूळ पाप आहे असं एकदा पटलं की माणूस भोवतालची परिस्थिती बदलायचं सोडतो. चर्चमध्ये जात टिकून राहते आणि ख्रिस्ती समाज अन्यायाविरुद्ध गप्प राहतो, हीही त्यांची तक्रार होती. १९३८ च्या जानेवारीत सोलापुरात ख्रिस्ती लोकांसमोर बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींचा आपल्या मनावरचा प्रभाव मान्य केला आणि त्याच सभेत चर्चमधल्या जातिभेदावर बोटही ठेवलं. टीका करावी ती अशी, त्यांच्यासमोर उभं राहून. आम्ही प्रार्थनेत बसलो तेव्हा नाल्याच्या पुराबद्दल, पाणीपट्टीबद्दल, ठेकेदारीतल्या मजुरीबद्दल एक शब्द ऐकला नाही. नोकरी गेली तर प्रभू उघडेल दार. वालधुनीत केमिकल सोडणाऱ्यावर कुणी बोलणार नाही.

आता कागदाचा प्रश्न, कारण तरुण पोरं हा हमखास विचारतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा सुरुवातीला फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना मिळाला, आणि आपल्याला म्हणजे बौद्धांना केंद्राच्या पातळीवर १९९० साली, दीक्षेनंतर चौतीस वर्षांनी. ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो आजही नाही. महाराष्ट्रात त्यांची गणना इतर मागासवर्गात होते. त्यामुळे बरेच जण कागदावर बौद्ध किंवा हिंदू आणि रविवारी ख्रिस्ती असतात. २६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका महिलेचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला. तिचा बाप्तिस्मा झालेला होता आणि ती नियमित चर्चला जात होती. नुसत्या आरक्षणासाठी धर्म सांगणं ही राज्यघटनेशी फसवणूक आहे, असं न्यायालय म्हणालं. बाप्तिस्मा घेऊ पाहणाऱ्या मुलामुलींना हे आधी माहीत असायला हवं. पास्टर ते सांगत नाहीत.

पण आमच्यातला एक जण जेव्हा म्हणाला की मग करा तक्रार, होऊ द्या दाखला रद्द, तेव्हा आम्ही त्याला थांबवलं. धर्म बदलला तर सवलत काढून घेणारी ती अट चौतीस वर्षं आपल्याच गळ्यात होती. आपल्या आधीच्या पिढीने त्यासाठी मोर्चे काढले. तीच अट उचलून शेजारणीच्या मुलाच्या शिष्यवृत्तीवर मारायची, हे आम्हाला जमणार नाही. शिवाय घाबरण्यासारखं आहे तरी काय? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध सुमारे ६५ लाख होते आणि ख्रिस्ती सगळे मिळून ११ लाखांच्या आत, राज्याच्या एक टक्काही नाहीत.

निवेदनावर आम्ही सही केली नाही. त्या मुलांना सांगितलं की राज्यघटनेचं पंचविसावं कलम आमच्या बापाने लिहिलंय, ते मोडायला आमची सही मिळणार नाही. आज प्रार्थनेचं घर, उद्या विहार, हे आमच्यातल्या जुन्या माणसांना न सांगता कळलं. कार्यकारिणीतून काढण्याचा प्रस्ताव मतांना टाकला, तो चार मतांनी पडला. वाद मात्र संपलेला नाही. नाराज झालेले काही जण अजून बैठकीला येत नाहीत, आणि त्यांचंही एक म्हणणं बरोबर आहे: त्या घरातून बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो खाली उतरला तर काय? बाबासाहेबांना देव न मानता घरात ठेवता येतं, हे काही पास्टरना कळतं, काहींना नाही. यावर आम्ही त्या पास्टरशी बोलणार आहोत.

प्रस्ताव पडल्यानंतरच्या आठवड्यात आमच्यातल्या दोन ताई त्या घरी गेल्या. धर्मावर बोलायचं नाही असं ठरवून गेल्या होत्या. त्या बाईंनी चहा केला, नवऱ्याच्या डायलिसिसचे कागद दाखवले. निघताना त्यांनी विचारलं की मुलीची बारावी आहे, घरात जागा नाही, संध्याकाळी विहारात अभ्यासाला बसली तर चालेल का. तेव्हा लक्षात आलं की विहार वंदनेच्या तासाभरापुरतंच उघडतं आणि चावी कोषाध्यक्षांकडे असते, जे रात्री नऊला कामावरून येतात. आता चावी समोरच्या किराणा दुकानात ठेवली आहे. पहिल्या आठवड्यात अभ्यासाला तीन मुली आल्या, आणि ट्यूबलाइट बदलायची राहिली आहे.